शाळेच्या सभागृहात आरसी गाड्यांचा कार्पेट ट्रॅक : मांडणी, नियम आणि त्यातून होणारं शिक्षण



रिमोटवर चालणारी गाडी आता बहुतेक घरांत येऊन गेलेली असते. वाढदिवसाला ती येते, दोन-चार दिवस पलंगाखाली फिरते, एखादं चाक निखळतं आणि मग ती माळ्यावर जाते. गाडीत दोष असतोच असं नाही. तिला धावायला नीट जागा नसते आणि मुलाला तिच्यासोबत करायला काही ठरलेलं काम नसतं.

अशाच गाड्यांच्या जगात अनेक ठिकाणी रीतसर शर्यती होतात. हिवाळ्यात त्या सभागृहात, जमिनीवर कार्पेट अंथरून घेतल्या जातात. तो ट्रॅक कसा मांडतात आणि आपल्या शाळेत छोट्या प्रमाणात तो कसा करता येईल, ते या लेखात पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. शर्यत तीन मिनिटांत संपते. तिच्याआधी मोजमाप, आराखडा, अंथरण, दुरुस्ती आणि तिच्यानंतर नोंदी, हिशेब, आवराआवर असं कितीतरी काम असतं. आपल्या दृष्टीने खरा तास तोच आहे.

१. हा खेळ कुठला?

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली आरसी गाडी आणली. ती पोर्शे ९३४ ची १/१२ आकाराची प्रतिकृती होती. तिथून हा छंद घराघरांत गेला. १/१२ याचा अर्थ असा की खऱ्या गाडीचे १२ सेंटीमीटर म्हणजे या गाडीचा १ सेंटीमीटर. नकाशाचं प्रमाण शिकवताना आपण जे सांगतो तेच हे. शर्यतीत १/१० आणि १/१२ हे आकार जास्त चालतात. १९९९ साली जपानच्याच क्योशो कंपनीने मिनी-झेड ही तळहातावर मावणारी, साधारण १/२८ आकाराची गाडी आणली आणि लहान खोलीतही शर्यत होऊ लागली.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो आणि बाहेर पाऊस-थंडी असते. मग तिथले आरसी क्लब संध्याकाळी एखाद्या शाळेचं किंवा क्रीडासंकुलाचं सभागृह भाड्याने घेतात. सगळे मिळून कार्पेट अंथरतात, ट्रॅक मांडतात, शर्यती होतात आणि त्याच रात्री सगळं गुंडाळून सभागृह रिकामं करतात. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, कार्पेटवरची मोठी राष्ट्रीय स्पर्धा अनेक वर्षं भरत आली आहे.

तिकडे हिवाळा, तर आपल्याकडे पावसाळा. कोकणात, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचं असतं आणि खेळाचा तास वर्गातच जातो. सभागृह, समाजमंदिर किंवा एखादी मोठी वर्गखोली मिळत असेल तर आनंददायी शनिवारसाठी हा उपक्रम छान बसतो.

२. कार्पेटच का?

फरशीवर गाडी चालवून बघा. जरा वेग आला की वळणावर ती घसरते आणि भिंतीला आपटते. शहाबादी किंवा साध्या फरशीच्या सांध्यांवर लहान चाकं उडतात. शर्यतीच्या १/१२ गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर वर असतं. तिच्यासाठी फरशीचा उंच-सखल सांधा म्हणजे रस्त्यातला मोठा गतिरोधकच. कार्पेटमुळे सांधे झाकले जातात, चाकांना पकड मिळते आणि सभागृहाची जमीनही खराब होत नाही.

पण घरातला मऊ, लांब केसांचा गालिचा इथे चालत नाही. त्याच्या धाग्यांत चाकं रुततात. शर्यतीसाठी पातळ, घट्ट, सपाट कार्पेट लागतं. सुयांनी टोचून टोचून धागे एकमेकांत गुंतवून ते बनवतात. म्हणून त्याला नीडल पंच कार्पेट म्हणतात. ते विणलेलं नसतं. आपल्याकडे प्रदर्शनात, लग्नाच्या हॉलमध्ये, स्टेजवर लाल-हिरवं-राखाडी पातळ कार्पेट अंथरतात ना, ते याच जातीचं. परदेशी क्लबचं कार्पेट जास्त दाट आणि टिकाऊ असतं, पण लहान गाड्यांसाठी आपलं मंडपवाल्याचं कार्पेट पुरतं. एका दिवसासाठी ते भाड्यानेही मिळतं. घेताना तीन गोष्टी बघा : सुरकुत्या-घड्या नकोत, भोकं नकोत, आणि हात फिरवल्यावर फार धागे सुटता कामा नयेत.

३. किती जागा, किती कार्पेट?

हा हिशेब मुलांनाच करायला द्या. समजा सभागृह १४ मीटर × ८ मीटर आहे. चारही बाजूंनी चालायला १ मीटर सोडला तर ट्रॅकला १२ × ६ मीटर जागा उरते. क्षेत्रफळ झालं ७२ चौरस मीटर. कार्पेटचा पन्हा २ मीटर असेल तर १२ मीटरच्या किती पट्ट्या लागतील? तीन. म्हणजे एकूण ३६ मीटर लांबीचं कार्पेट. मंडपवाला चौरस फुटात बोलणार, मग मीटरचं फुटात रूपांतर आलंच. ७२ चौरस मीटर म्हणजे सुमारे ७७५ चौरस फूट.

एवढी जागा नसेल तर वर्गखोलीतले बाक बाजूला सारून २ मीटर पन्ह्याच्या, ५ मीटर लांबीच्या दोन पट्ट्या अंथरा. ५ × ४ मीटरवर साधा लंबगोल ट्रॅक होतो आणि तीन-चार छोट्या गाड्या छान फिरतात.

बाकीचं साहित्य असं :

- मीटर टेप, सुतळी, खडू, आलेख कागद
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि रुंद कापडी टेप
- कडांसाठी बागेची जुनी रबरी नळी किंवा वायरिंगचे पीव्हीसी पाइप
- वेल्क्रो पट्टी
- १/२४ किंवा १/२८ आकाराच्या, शक्यतो एकसारख्या सहा गाड्या
- स्टॉपवॉच किंवा मोबाईल, नोंदीसाठी तक्ते
- जुने टूथब्रश आणि चिमटा (का ते पुढे येईल)

४. आधी कागदावर ट्रॅक

आलेख कागदावर १ सेंमी = ५० सेंमी हे प्रमाण घ्या. १२ × ६ मीटरची जागा २४ × १२ सेंमीच्या आयतात येते. प्रत्येक गटाने आपला ट्रॅक काढायचा आणि का असा काढला ते सांगायचं. त्याआधी मुलांना हे मुद्दे द्या :

१) ट्रॅकची रुंदी गाडीच्या रुंदीच्या साधारण दहा-बारा पट ठेवा. ७ सेंमी रुंदीच्या गाडीला ७० ते ८५ सेंमी. आपण ८० धरू. १/१० गाडी १९ सेंमी रुंद असते, तिला दोन-सव्वादोन मीटर लागतील. गाडी मोठी झाली की सभागृहही मोठं लागतं, हे इथे कळतं.

२) एक लांब सरळ भाग हवा. त्याच्या शेवटी मोठं, सोपं वळण द्या. वेगात आलेल्या नवख्या मुलाला तिथे वेळ मिळतो.

३) डावी आणि उजवी अशी दोन्ही वळणं हवीत. एक घाटातल्यासारखं पूर्ण उलटं फिरणारं वळणही ठेवा.

४) सुरुवातीची रेषा सरळ भागावर आखा. वळणाला लागून नको, नाहीतर लॅप मोजणाऱ्याचा गोंधळ होतो.

५) शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन मार्गिकांमध्ये मार्शल उभा राहील एवढी जागा अधूनमधून सोडा. मार्शल कोण, ते पुढे सांगते.

६) चालकांना पूर्ण ट्रॅक दिसला पाहिजे. सगळे चालक एकाच बाजूला आणि थोड्या उंचीवर उभे राहतात. सभागृहाचं स्टेज त्यासाठी उत्तम. बाकांवर मुलांना उभं करू नका, तोल जातो.

वर्गात पाच-सहा आराखडे आले की मतदान घेण्यापेक्षा या सहा मुद्द्यांवर प्रत्येक आराखडा तपासायला लावा. मुलं एकमेकांच्या कामात नेमक्या चुका शोधतात आणि कारण देऊन बोलायला शिकतात. हा भाषेचा तास झाला.

५. कार्पेट अंथरताना

पहिलं काम, जमीन झाडून कोरडी करणं. एक खडा खाली राहिला तरी वर उंचवटा होतो. कार्पेट आदल्या दिवशी उलगडून ठेवता आलं तर ठेवा, गुंडाळीचा बाक निघून जातो.

मधली पट्टी आधी अंथरा, मग दोन्ही बाजूंच्या. पट्ट्या लांब सरळ भागाच्या दिशेने टाका, म्हणजे गाडीला सांधे आडवे कमी लागतात. कार्पेटवरून हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागतं. सगळ्या पट्ट्यांची ही दिशा एकच ठेवा, नाहीतर एका पट्टीवर गाडी वेगळी वागेल. मुलांना डोळे मिटून हात फिरवून दिशा ओळखायला सांगा, त्यांना फार आवडतं.

सांध्यावर कडेला कड भिडवा. एकावर एक चढवू नका. सांध्याखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि मग दोन मुलांनी दोन टोकांना धरून पट्टी ताणून दाबत यायचं. बाहेरच्या कडा कापडी टेपने जमिनीला चिकटवा, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. टेपचा डाग राहतो का, ते आधी एका कोपऱ्यात तपासून घ्या. सभागृह दुसऱ्याचं असेल तर हे विसरू नका.

कार्पेटवर चपला-बूट नाहीत. चिखल आणि वाळू चाकांची पकड घालवते आणि कार्पेटही खाते.

६. कडा आणि वळणं

इंग्लंडमधल्या क्लबांत अग्निशमन दलाचे जुने कापडी पाइप कडेला टाकलेले दिसतात. काही ठिकाणी लाकडी पट्ट्या असतात. आपल्याकडे बागेची जुनी नळी सर्वांत सोयीची. ती जड असते, हवी तशी वळते आणि गाडी आपटली तरी मोडत नाही. सरळ भागाला वायरिंगचे पाइप चालतात.

कडेची उंची किती असावी? निदान चाकाच्या मध्याइतकी. त्यापेक्षा कमी असेल तर गाडी तिच्यावर चढून पलीकडच्या मार्गिकेत जाते. फार उंच केली तर मागची गाडी चालकाला दिसत नाही. नळी जागेवर बसवण्यासाठी वेल्क्रोची काटेरी बाजू वापरा. या कार्पेटवर ती सरळ धरते, मऊ बाजूची गरज लागत नाही. नळीखाली थोड्या थोड्या अंतरावर तुकडे लावा.

मांडणी झाली की मार्गिकेच्या मधोमध सुतळी धरून पूर्ण फेरी मोजा. आपल्या उदाहरणात ती ३६ मीटर आली असं धरू. हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवा, दिवसभर लागणार आहे.

७. गाडी कशी निवडावी?

उंच, मोठ्या चाकांची जीप किंवा मॉन्स्टर ट्रक दुकानात आकर्षक दिसतो, पण कार्पेटवर तो वळणावर कोलांटी खातो. फरशीवर चाकं घसरतात म्हणून गाडी उलटत नाही. कार्पेटवर चाकं धरून ठेवतात, वरचा भाग मात्र पुढे जायला बघतो, आणि गाडी बाहेरच्या बाजूला पालथी होते. टपावर सामान लादलेली गाडी घाटात जपून चालवतात ती याचसाठी. म्हणून बसकी, रुंद, खाली वजन असलेली गाडी घ्या.

दुसरी गोष्ट रिमोटची. बाजारातल्या स्वस्त गाड्या बऱ्याचदा २७ मेगाहर्ट्झच्या असतात. अशा दोन सारख्या गाड्या एकत्र आणल्या की एकाच रिमोटवर दोन्ही पळतात. सहा गाड्या एकाच वेळी चालवायच्या तर २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट हवेत. त्यात प्रत्येक रिमोटची आपल्या गाडीशी जोडी लागते. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, वाचून घ्या. एकसारख्या दोन रेडिओ गाड्या मिळाल्या तर तो गोंधळ मुलांना मुद्दाम दाखवा. "असं का झालं?" यावर चांगली चर्चा होते.

१/१० ची शर्यतीची गाडी शाळेसाठी नको. सव्वा-दीड किलो वजन आणि मोटरसायकलचा वेग, ती पायाला लागली तर इजा होते. तिकडेही तशा शर्यतीत मार्शल बूट घालून आणि सावध उभे असतात. आपली छोटी गाडी पायाला लागली तर फार तर दचकायला होतं.

८. गाडीचं डावं, आपलं उजवं

रिमोट हातात घेतल्यावर पहिली अडचण ही येते. गाडी आपल्यापासून लांब जाते तेव्हा तिचं डावं तेच आपलं डावं. ती आपल्याकडे येऊ लागली की उलटं. मोठी माणसंही इथे चुकतात.

यासाठी गाडीशिवायचा खेळ आधी घ्या. एक मूल 'गाडी' होऊन ट्रॅकवर चालेल, दुसरं स्टेजवरून "डावीकडे", "उजवीकडे" सांगेल. सूचना गाडीच्या बाजूने द्यायच्या. गाडी झालेल्या मुलाने जसं ऐकलं तसंच वळायचं, चूक सुधारायची नाही. दोन फेऱ्यांत मुलं स्वतःला गाडीत बसवून विचार करू लागतात. समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं ही गोष्ट नकाशावाचनात लागते आणि माणसांशी वागतानाही लागते.

९. २४ मुलं, ६ गाड्या, रिकामं कुणीच नाही

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. आरसी क्लबांत एक जुनी पद्धत आहे. ज्याची शर्यत संपली, त्याने रिमोट ठेवून लगेच पुढच्या शर्यतीसाठी मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं. मार्शल म्हणजे उलटलेली, अडकलेली गाडी सरळ करून देणारा. हरलेला असो की जिंकलेला, मोठा असो की छोटा, सुटका नाही. तुमची गाडी उलटली तेव्हा कुणीतरी उचलली, आता तुम्ही दुसऱ्याची उचला.

आपण २४ मुलांचे चार गट करू.

- तयारी गट : गाड्या पुसणं, बॅटरी बदलणं, चाकांत अडकलेले धागे काढणं
- चालक गट : शर्यत
- मार्शल गट : ट्रॅकवर आपापल्या जागी
- नोंद गट : प्रत्येकाने एका गाडीच्या लॅप मोजायच्या

प्रत्येक फेरीनंतर गट पुढे सरकतो : तयारीतून चालक, चालकातून मार्शल, मार्शलातून नोंद, नोंदीतून पुन्हा तयारी. ३ मिनिटांची शर्यत आणि ५ मिनिटांची अदलाबदल धरली तर चार फेऱ्या ३२ मिनिटांत होतात. एका तासिकेत २४ जणांनी गाडी चालवलेली असते आणि कुणीही "माझा नंबर कधी?" म्हणून ताटकळलेलं नसतं.

मार्शलचे नियम फळ्यावर लिहा :

१) आपल्या वाट्याच्या वळणावरच लक्ष. मित्राच्या गाडीकडे बघत राहायचं नाही.
२) पाऊल टाकण्याआधी येणारी गाडी बघायची.
३) गाडी जिथे उलटली तिथेच, योग्य दिशेला तोंड करून ठेवायची. पुढे नेऊन ठेवायची नाही.
४) दुसऱ्या गाडीच्या वाटेत ठेवायची नाही. ती जाऊ द्यायची, मग ठेवायची.
५) बंद पडलेली गाडी बाहेर काढायची, ट्रॅकवर दुरुस्ती नाही.

आणि चालकांसाठी एकच नियम : मार्शलवर ओरडायचं नाही. तो तुमचा नोकर नाही. पुढच्या फेरीत तुम्हीच तिथे उभे असणार आहात. वर्गात कायम पुढे पुढे करणारं मूल आणि कायम मागे राहणारं मूल, दोघंही त्या दहा मिनिटांत दोन्ही बाजू अनुभवतात. सहकार्यावर वेगळा पाठ घ्यावा लागत नाही. व्हीलचेअरवरचं मूल इथे इतरांच्या बरोबरीने गाडी चालवतं. त्याच्यासाठी ट्रॅक दिसेल अशी जागा आणि नोंदीचं टेबल योग्य उंचीचं, एवढंच बघा.

१०. निकालाचं गणित

धावण्याच्या शर्यतीत अंतर ठरलेलं असतं आणि वेळ मोजतात. इथे वेळ ठरलेली असते. क्लबात साधारण ५ मिनिटं, आपण ३ घेऊ. वेळ संपल्याची शिट्टी झाली की चालू असलेली लॅप पूर्ण करायची आणि तेव्हाची वेळ लिहायची. निकाल असा येतो :

- लाल गाडी : १२ लॅप, ३ मिनिटं ९ सेकंद
- निळी गाडी : १२ लॅप, ३ मिनिटं ३ सेकंद
- पिवळी गाडी : ११ लॅप, ३ मिनिटं १ सेकंद

पहिला कोण? "पिवळी, तिची वेळ सर्वांत कमी" असं उत्तर हमखास येतं. तिथे थांबा आणि मुलांना भांडू द्या. आधी लॅप बघायच्या, लॅप सारख्या असतील तरच वेळ बघायची, हे त्यांचं त्यांना सुचतं. निळी पहिली, लाल दुसरी, पिवळी तिसरी. आता सरासरी काढा. निळीचे १८३ सेकंद भागिले १२ म्हणजे १५.२५ सेकंद. लालचे १५.७५. पिवळीचे १८१ भागिले ११ म्हणजे सुमारे १६.४५. मिनिटाचे सेकंद, भागाकार, दशांश अपूर्णांक सगळं आलं, आणि उत्तर काय येतंय याची मुलांना उत्सुकता असते.

वरच्या वर्गांसाठी वेग. ३६ मीटरची लॅप १५ सेकंदांत झाली तर वेग सेकंदाला २.४ मीटर, म्हणजे ताशी ८.६४ किलोमीटर. ऐकून मुलं जरा हिरमुसतात. मग सांगा, गाडी १/२८ आहे ना? २८ ने गुणा. ताशी सुमारे २४२ किलोमीटर. खऱ्या गाडीच्या मापात ती एवढी पळतेय.

मोठ्या क्लबांत मोजणी यंत्र करतं. सुरुवातीच्या रेषेखाली, कार्पेटच्या खाली तारेचा वेढा असतो. प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर नावाची छोटी डबी असते, ती आपला क्रमांक त्या वेढ्याला कळवते आणि संगणक लॅप लिहितो. आपल्याला ते नको. नोंद गटातल्या मुलाने एका गाडीवरून नजर न हटवता तीन मिनिटं पाच-पाचच्या जुडीने रेघा मारणं, हे एकाग्रतेचं चांगलं काम आहे.

क्लबची आणखी एक पद्धत उचलण्यासारखी आहे. प्राथमिक फेऱ्यांवरून वेगाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र अंतिम शर्यत होते. सर्वांत वेगवान गटाची 'अ' फायनल, त्यानंतरची 'ब', मग 'क'. 'क' फायनल जिंकणाऱ्यालाही टाळ्या मिळतात, कारण तो आपल्या बरोबरीच्यांत जिंकलेला असतो. बाद कुणीच होत नाही.

११. विज्ञानाचे दोन छोटे प्रयोग

घर्षण : गाडीची चारही चाकं दोऱ्याने बांधून ती फिरू देऊ नका. एका फळीवर ती ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. गाडी घसरायला लागेल तेव्हाची उंची मोजा. मग त्याच फळीवर कार्पेटचा तुकडा लावून पुन्हा करा, मग गुळगुळीत प्लास्टिक लावून. प्रत्येकी तीन वेळा मोजून सरासरी घ्या. कुठे जास्त उंची लागली, तिथे पकड जास्त. चाकं ओल्या फडक्याने पुसून, वाळवून परत मोजा आणि फरक पडतो का ते बघा.

आतली कड, बाहेरची कड : साधा लंबगोल ट्रॅक घ्या. सुतळीने आतल्या कडेची आणि बाहेरच्या कडेची लांबी मोजा. वळणं गोल असतील आणि रुंदी सगळीकडे ८० सेंमी असेल, तर फरक सुमारे ५ मीटर येतो. ट्रॅक लांब करा, आखूड करा, फरक तोच! कारण हा फरक २ × ३.१४ × रुंदी एवढा असतो, सरळ भागाचा त्यात काही वाटा नाही. ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या लेनमधल्या खेळाडूला पुढे का उभं करतात, ते सातवी-आठवीच्या मुलांना इथे हातात सुतळी धरून कळतं.

१२. सुरक्षितता

- बॅटरी मोठ्या माणसानेच चार्ज करायची, नजरेसमोर, रात्रभर लावून ठेवायची नाही.
- चार्जिंग कार्पेटवर कधीच नाही. हे कार्पेट प्लास्टिकच्या धाग्याचं असतं, उष्णतेने वितळतं आणि पेटतं. फरशीवर, दारापासून आणि मुलांच्या वाटेपासून दूर, वेगळी जागा करा. जवळ वाळूची बादली ठेवा.
- लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली असेल तर वापरायची नाही. तिला टोचायचं, दाबायचं नाही. शाळेसाठी चार्ज होणारे साधे एए सेल जास्त बरे.
- मोठे स्पर्धक टायरला पकड वाढवणारं रसायन लावतात. मुलांच्या ठिकाणी ते नको, ओलं फडकं पुरे.
- कार्पेटचे सुटे धागे चाकाच्या दांड्याला गुंडाळत जातात, मग मोटर अडते आणि तापते. त्यासाठीच टूथब्रश आणि चिमटा. काम करताना गाडी बंद आणि सेल काढलेले हवेत.

१३. गाडी कुणाची?

हा प्रश्न टाळू नका. एखादं मूल महागडी गाडी घेऊन आलं आणि बाकीचे बघत राहिले, तर एवढी मेहनत करून आपण वर्गात नवी दरी पाडली असं होईल. म्हणून शर्यत शाळेच्या एकसारख्या गाड्यांवरच घ्यावी आणि गाडी चिठ्ठी टाकून द्यावी. क्लबांतही सगळ्यांना एकाच प्रकारची मोटर बंधनकारक असलेले गट असतात, म्हणजे पैशापेक्षा हाताला महत्त्व राहतं. सहा गाड्या एकदम परवडत नसतील तर दोन गाड्या आणि लंबगोल ट्रॅकवर सुरुवात करा. बंद पडलेल्या गाड्या पालकांकडून मागवा, दुरुस्ती गटाला त्यातून सुटे भाग मिळतात. आणि रिमोट मुलांकडे, तक्ता मुलींकडे असं आपोआप होऊ देऊ नका. वर सांगितलेला गटांचा फेरा काटेकोर पाळला की हा प्रश्न उरत नाही.

१४. पालकांसाठी

घरी कार्पेट हवंच असं नाही. घट्ट विणीची सतरंजी ताणून अंथरा, पुस्तकांच्या किंवा बाटल्यांच्या कडा करा. मुलाला रिमोट देण्याआधी ट्रॅक कागदावर काढायला सांगा आणि फेरी मोजायला लावा. तुम्ही स्वतः मार्शल व्हा, मग त्याला तुमचा मार्शल होऊ द्या.

१५. आवरणं आणि मूल्यमापन

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. टेप हळू, कार्पेटला समांतर ओढून काढायची. कार्पेट झाडून, जाड पाइपवर गुंडाळायचं. घडी घातली तर पुढच्या वेळी तिथे उंचवटा येतो. पावसाळ्यात ते कोरडं करून, जमिनीपासून वर ठेवा.

मूल्यमापनासाठी जिंकण्याचे गुण नकोत. आराखडा प्रमाणात आहे का, मोजमाप बरोबर आहे का, नोंद पूर्ण आहे का आणि मार्शलचं काम नीट केलं का, या चार गोष्टी बघा. निरीक्षण नोंदवहीत लिहायला भरपूर मिळतं.

पहिल्या वेळी सगळं मनासारखं होणार नाही. एखादा सांधा सुटेल, एखादी गाडी चालणार नाही. तो सांधा कसा बसवायचा हेही मुलांनाच विचारा. पुढच्या शनिवारी ती तुमच्याआधी मीटर टेप घेऊन सभागृहात उभी असतील.